शेवटची सोळा पानं

आमच्या आतोबांनी जेवढी पुस्तकं फाडली तेवढी अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणी फाडली नसतील, आणि त्यांनी जेवढ्या पोरांना वाचायला लावलं तेवढ्यांना कुणी लावलंही नसेल. ही दोन्ही कामं त्यांनी एकाच वेळी, एकाच ब्लेडनं केली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एसटीत कंडक्टर होते. पाथर्डी डेपोतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण गाडीतून ते उतरले फक्त कागदोपत्री. तिसगावच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्यांचं घर आहे, आणि त्या घराच्या ओसरीची त्यांनी गाडी करून टाकली आहे. एका बाजूला दोघांच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला तिघांच्या, मधून जायला वाट, आणि वर तुळईला बांधलेली घंटेची दोरी. रोज संध्याकाळी पाच वाजता आतोबा खाकी सदरा चढवून दारात उभे राहतात, शिट्टी फुंकतात आणि गावातली पोरं धावत येऊन जागा धरतात. नुकतंच अक्षर लागलेल्यांना पुढची फळी, मुरलेल्यांना मागची. डबल घंटी झाली की वाचन सुरू, सिंगल झाली की बंद. मधल्या वेळात कुणी शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकं घातलं की आतोबा म्हणणार, "ए, आपल्या खिडकीतून बघ. त्याच्या खिडकीतून काय बघतो?"

पुस्तकांचीही त्यांनी आपल्या परीनं वर्गवारी केली आहे. चित्रांची पुस्तकं म्हणजे साधी गाडी, पानोपानी थांबा. कादंबरी म्हणजे लांब पल्ला, तिला बसताना पाण्याची बाटली सोबत घ्यायची. कवितांना ते फाट्यावरची गाडी म्हणतात, कारण ती कधी येईल आणि कुठं थांबेल ते कुणालाच सांगता येत नाही. मशीन आल्यावर तिकिटाला भोकं पाडायचा त्यांचा चिमटा डेपोत जमा व्हायला हवा होता. तो त्यांच्याकडेच कसा राहिला, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

आता फाडण्याचं सांगतो. पुस्तक बांधताना सोळा-सोळा पानांच्या गड्ड्या शिवतात. आतोबांच्या हाती नवं पुस्तक आलं, म्हणजे नगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं जुनं पुस्तक आलं, की ते चष्मा लावून बसतात आणि ब्लेडनं दोरा कापून शेवटची गड्डी अलगद सोडवतात. पुस्तकाला आणि गड्डीला चिमट्यानं सारखीच भोकं पाडतात, म्हणजे कोणतं शेपूट कुणाचं ते कळावं. मग पुस्तक पोराच्या हातात आणि शेवट लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली शिट्टीच्या साखळीला आणि शिट्टी आतोबांच्या गळ्यात. आधीचं सगळं वाचून झालं की पोरानं यायचं, गोष्ट तोंडी सांगायची आणि मग शेवटची सोळा पानं तिथंच ओसरीवर बसून वाचायची. मी अकरा वर्षांचा होईपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की जगातल्या सगळ्या गोष्टींचे शेवट आमच्या आतोबांच्या पेटीत असतात आणि बाकीच्या जगाचं त्यावाचून अडलेलं आहे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते ऐन उमेदीच्या काळात. कुणीतरी गाडीत विसरून गेलेलं एक पुस्तक त्यांना सापडलं. त्याला शेवटच नव्हता, पानं गळून गेली होती. "शेवट असता तर एकदा वाचून ठिवून दिलं असतं. न्हवता म्हनून तीनदा वाचलं. तवापासून वाचतोय," असं ते सांगतात. त्यात कंडक्टरकीचा अनुभव मिसळला. ते म्हणतात, "पंचवीस-तीस वर्सं बघितलंय. ज्याच्या मांडीवर पिशवी, तो खुशाल घोरतो. ज्याचं बोचकं टपावर हाय, तो डोळा मिटत न्हाई. दर थांब्याला खाली उतरून वर बघतो. पोरांचं बोचकं टपावर ठिवायचं, बास."

गावातल्या शाळेचे मोठे गुरुजी एकदा ही फाडाफाड बघून कळवळले. म्हणाले, "अहो, पुस्तक म्हणजे सरस्वती. तिला ब्लेड लावता?" आतोबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कपाटातली सरस्वती एकदम साबूत हाय. कुलपात हाय. किल्ली कुठाय?" किल्ली आधीच्या गुरुजींबरोबर बदलून गेली होती. त्या दिवशी कुलूप तोडलं गेलं आणि कपाटातली पुस्तकं ओसरीवर आली. एवढंच नव्हे, तर मोठे गुरुजी स्वतः मागच्या फळीवर बसून महिनाभर एक पुस्तक वाचत होते, आणि शेवटासाठी त्यांनाही गोष्ट तोंडी सांगावी लागली.

ही तोंडी परीक्षा मात्र भलती अवघड. आतोबा डोळे मिटून ऐकतात, मान डोलावतात आणि मध्येच अगदी सहज म्हणतात, "व्हय, आन् मग ती म्हैस हिरीत पडती तवा काय हुतं?" पोरगं जर "पडती की, मग तिला दोर लावून काढत्यात" असं म्हणालं तर मेलं. कारण त्या पुस्तकात म्हैस नसते, बहुतेक विहीरही नसते. "बिगरतिकीट बसला हुतास," असं म्हणून आतोबा पुस्तक परत हातात देतात. पण रागावत नाहीत, मारत तर मुळीच नाहीत. वाचल्यानं माणूस मोठा होतो, असलंही काही सांगत नाहीत. शाळेच्या भिंतीवर तसं रंगवलेलं होतं ते वाचून म्हणाले, "मोठा तर न वाचताबी हुतो. रेडा बघा की." एकदा तालुक्याहून कुणी साहेब ओसरी बघायला आले. एका पोरीला त्यांनी विचारलं, "बाळ, या गोष्टीपासून तू काय बोध घेतलास?" पोरगी भेदरली. आतोबांनी सिंगल घंटी मारली आणि म्हणाले, "साहेब, बोधाला ह्या गाडीत जागा न्हाई. पोरांना नुसतं बसू द्या, खिडकीतून बघू द्या." साहेब बिचारे चांगले होते. चहा घेऊन गेले.

त्या पेटीत माझाही एक शेवट पडून होता. सहावीच्या मे महिन्यात मी आत्याकडे होतो, तेव्हा आतोबांनी मला एक जाडजूड कादंबरी दिली. निम्मी झाली आणि सुट्टी संपली. पुस्तक घेऊनच नगरला आलो. पुढे शाळा, आयटीआय, नागापूरच्या एमआयडीसीतली नोकरी, लग्न, मुलगी. पुस्तक प्रत्येक बिऱ्हाडात माझ्याबरोबर आलं, शेवट राहिला तो राहिलाच. आतोबा भेटले की एवढंच म्हणायचे, "तुझं बोचकं टपावर हाय बरं का." मी म्हणायचो, येतो एकदा निवांत. निवांत म्हणजे काय ते आमच्या कारखान्यात कुणालाच माहीत नाही.

आमच्या भागाचं दुखणं असं की दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आतोबांच्या फळ्या ओस पडतात. जाणाऱ्या पोरांना ते बिनशेवटाची पुस्तकं देतात आणि वैशाखापर्यंत वाट बघतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना घोर लागला तो कोमलचा. कोमल सहावीतली. वाचायला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, तेही अडखळत, बोट ठेवून. आधी आजी गावात असायची, म्हणून तिची शाळा टिकली. त्या वर्षी आजी गेली, त्यामुळे कोमललाही आईबापाबरोबर जावं लागणार होतं. आईबाप उसात, आणि ही पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, धाकट्या भावाला सांभाळायला. आतोबा तिच्या बापाकडे गेले. बाप म्हणाला, "कंडक्टर, सहा म्हयने शाळा बुडाली की इसरंल ती समदं. मंग पुन्ना कशाला घालायची? ऱ्हाईल घरी." बापाला सही करता येत होती, त्यापुढं काही नाही. तो दुष्ट नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं तेच तो बोलत होता. आतोबा म्हणाले, "माघारी आल्यावर पोरगीनं तुझ्यासमोर घडाघडा वाचलं तर सातवीत धाडायची. न्हाई वाचलं तर मी पुन्ना तुझ्या दारात येनार न्हाई." बाप हसून हो म्हणाला. आतोबांनी कोमलच्या हातात एका नावाड्याची गोष्ट ठेवली. मोठी होती, दीडशे पानांची. खताच्या पिशवीत गुंडाळून दिली.

"इसरंल का गं ती?" असं आतोबा त्या हिवाळ्यात आत्याला रोज विचारायचे, आणि आत्या म्हणायची, "मला इचारून काय फायदा?" आत्या पुस्तकांच्या विरुद्ध पार्टीतली. ओसरीवर झाडू मारता येत नाही, पोरं लिंबाखाली चपला टाकतात, घरात कागदांचा पसारा, अशी तिची रोजची तक्रार. ती चौथी शिकलेली, पण पंचांग सोडून तिच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलं नव्हतं.

जानेवारीत आतोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोघं नगरला मुलाकडे वैशाखापर्यंत राहिली. निघण्यापूर्वी आतोबांनी अशी एक चूक केली जी जगात दुसरा कुणीही करणार नाही. बंद घरातून शेवट चोरीला जातील अशी त्यांना भीती वाटली. आत्याच्या पाटल्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यात तशाच सोडल्या आणि पेटी मात्र उंच फळीवरून उतरवून मागच्या खोलीत, मातीच्या भिंतीला टेकवून, वर चार गोणपाटं टाकून लपवली. बूड गंजलेली पेटी, मातीची भिंत आणि गोणपाट. वाळवीला कुणी अक्षत देऊन बोलावलं असतं तरी एवढी सोय केली नसती.

दोघं परत आली ती गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. मीही जत्रेला आलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आम्ही दुपारची जेवणं उरकून ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात कोमल आली, मागे तिचा बाप. पोर काळवंडली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या, काखेत ती खताची पिशवी. बाप नवी टोपी घालून होता. आतोबांना नमस्कार करून म्हणाला, "आली बगा तुमची पोरगी. उंद्या एक लगीन हाय, त्याच्या आत हा निकाल लावा." कोमलनं पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. बोट न ठेवता, न थांबता, नावाड्याचं बोलणं नावाड्यासारखं आणि त्याच्या भावाचं भावासारखं. आतोबांनी डोळे मिटून घेतले होते, तरी ते ओले झालेले मला दिसत होते.

बाप मात्र हुशार. म्हणाला, "आसं न्हाई. सा म्हयने त्येच पुस्तक, पाठ झालं आसंल." त्यानं खिशातून त्या उद्याच्या लग्नाची घडी केलेली पत्रिका काढली. ट्रॅक्टरवाल्यानं तोडीवरच दिलेली. "ह्ये वाच." कोमलनं पत्रिका उलगडली, गणपतीपासून सुरुवात केली, नवरा-नवरीची नावं, आजोबांची नावं, सगळं वाचलं, आणि मग थबकली. आम्हाला वाटलं, अडली. आतोबांनी डोळे उघडले. कोमल हळूच म्हणाली, "आप्पा, ह्ये लगीन परवाच झालं."

बापानं पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. मग डोक्यावरची नवी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि असा हसला की रस्त्यानं जाणारी जीप थांबली. आम्ही सगळेच हसलो. कोमल हसली नाही. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "कंडक्टर आजोबा, शेवट द्या."

आतोबा लगबगीनं मागच्या खोलीत गेले. त्यांना वेळ लागला म्हणून मीही गेलो. पेटी उघडी होती आणि आत माती भरल्यासारखं काहीतरी होतं. तीस वर्षांचे शेवट. एक पान धड नव्हतं. आतोबांनी मूठभर माती उचलली, बोटांतून खाली सोडली आणि तशीच हातानं भिंत धरत बाहेर आले. कोमलसमोर खाली बसले. मी त्यांना मोठ्या साहेबांसमोर बसलेलं पाहिलं आहे, असं कधी बसले नव्हते. म्हणाले, "पोरी, मी तुला फशिवलं. वाळवीनं खाल्लं समदं. माझ्याजवळ शेवट न्हाई."

कोमलचा चेहरा मला अजून आठवतो. ती रडली नाही. सहा महिने उसाच्या फडात तिनं ज्याची वाट पाहिली ते नाहीच, हे तिला समजायला जरा वेळ लागला. तिच्या बापाचं हसूही मावळलं. तेवढ्यात आत्या भांडी घासता घासता आतून म्हणाली, "कोन्तं पुस्तक? नावाड्याचं का?"

आतोबा म्हणाले, "तुला काय करायचंय?"

"नाव काठाला लागती," आत्या राखेचे हात घेऊन दारात आली. "पर तो बाबा खाली उतरत न्हाई."

आतोबांनी गळ्यातली साखळी चाचपली. मग हळूहळू उलगडा झाला. रोज दुपारी आतोबा झोपले की आत्या त्यांच्या गळ्यातल्या साखळीची किल्ली काढायची, पेटी उघडायची आणि शेवट वाचत बसायची. नुसते शेवट. वर्षानुवर्षं. "येवढाली पुस्तकं वाचायला मला कुठाय सवड?" आत्या म्हणाली. "सोळा पानं वाचली की पुन्ना कामाला मोकळी. दोन वर्सं मला कोडं पडलंय, येवढा काठ आल्यावर ह्यो नावाडी उतरत का न्हाई? म्हनलं, पाय मोडलाय का काय मेल्याचा!"

कोमल एकदम उभी राहिली. "पाय न्हाई मोडला आजी! त्यानं शपत घेतल्याली. भावाचं आन् त्याचं भांडान हुतं. भाऊ हाक मारील तवाच गावाच्या मातीत पाय ठिवीन, आसं त्यो म्हनला हुता."

"आगं बया," आत्या मटकन उंबऱ्यावर बसली. "म्हून व्हय! आन् मी त्याला शिव्या देत हुते."

"मंग भाऊ हाक मारतो का शेवटाला?"

"थांब. तू आधी भांडान कशापायी झालं ते सांग."

दुपार अशी गेली. कोमल सुरुवातीकडून सांगत होती, आत्या शेवटाकडून सांगत होती, आणि दोघी मध्ये कुठंतरी भेटत होत्या. शेवटी आत्यानं पदरानं डोळे पुसत सांगितलं, की भाऊ काठावर येतो, बराच वेळ नुसता उभा राहतो, आणि मग लहानपणी मारायचा तशी हाक मारतो. त्यापुढं पान संपतं. कोमलनं मोठा श्वास सोडला. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हशीचा प्रश्न विचारला नाही.

कोमलचा बाप इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होता. उठला, टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि जाता जाता म्हणाला, "कंडक्टर, सातवीचा वर्ग कवा भरतो?"

"जूनला," आतोबा म्हणाले, आणि उठून विनाकारण डबल घंटी मारली.

आता ओसरीवर नवी पद्धत आहे. जुन्या पुस्तकांचे शेवट पेटीत नाहीत, आत्यात आहेत. पोरं येतात, तिला गोष्टीचं तोंड सांगतात, ती शेपूट सांगते. आतोबा कोपऱ्यात बसून ऐकतात. मोतीबिंदू निघाला तरी दुसऱ्या डोळ्यानं त्यांना हल्ली कमी दिसतं. कोमल आता आठवीत आहे आणि पुढच्या फळीवर बारक्यांना घेऊन बसते. सगळं चांगलं चाललंय. फक्त आत्या अलीकडे विसरायला लागली आहे. भाजीत मीठ दोनदा घालते. मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारते. शेवट मात्र अजून सगळे आठवतात, असं आतोबा म्हणतात, पण ते म्हणताना त्यांचा आवाज कंडक्टरसारखा राहत नाही.

परवा माझ्या मुलीला कपाटात ती जुनी कादंबरी सापडली. तिनं विचारलं, "बाबा, याची शेवटची पानं कुठायत?" मी तिला सगळं सांगितलं आणि आत्याला फोन लावला. पुस्तकाचं नाव सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असं मला वाटलं. मग आत्या म्हणाली, "हां. आठावलं. सांगू का?"

सांग म्हणावंसं फार वाटलं. पण मी म्हणालो, "नको आत्या. मी येतो."

"ये," ती म्हणाली. "पर लवकर ये, बाबा."

रविवारी सकाळच्या पाथर्डी गाडीनं आम्ही बापलेक निघतो आहोत. पुस्तक पिशवीत घातलं होतं, ते काल पुन्हा बाहेर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. इतक्या वर्षांत बरंच विसरलो आहे, आणि आतोबा म्हशीचं विचारल्याशिवाय राहणार नाहीत.